शेंडा, बुडखा आणि साखरेची साक्ष

ऊस दातांनी सोलून खाल्लेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बुडख्याकडची पेरे गोड, शेंड्याकडची पाणचट. ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, ही म्हण उसाची चव जाणणाऱ्यांनीच घडवली असणार. मुळाकडे जावे तसा मोह वाढत जातो. पण शेंड्याच्या रसात साखर नसते असे मात्र नाही. तिथे साखर असते, ती वेगळ्या जातीची असते. जीभ फक्त ‘कमी गोड’ एवढेच सांगते. तोच रस परीक्षानळीत निळ्या द्रावणासोबत तापवला, की काही मिनिटांत रंग बदलतो आणि जिभेला न कळलेला फरक डोळ्यांना दिसतो.

हा फरक समजून घ्यायला कामरेजसारखी जागा नाही. सुरतेपासून जवळ, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा तालुका. काकरापार आणि उकाईच्या पाण्याने दक्षिण गुजरातेत ऊस पसरला आणि बारडोली, चलथाण, सायण, मढी असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले; कामरेज विभागाचा कारखाना नवी पारडीला आहे. गुजरातीत साखरेला ‘खांड’ म्हणतात, म्हणून कारखान्याच्या नावातही ‘खांड उद्योग मंडळी’ असते. हंगाम सुरू झाला की धुळे, नंदुरबार आणि डांगमधून ऊसतोड टोळ्या या पट्ट्यात उतरतात आणि शेताच्या कडेला मराठी, अहिराणी आणि भिल्ली बोली ऐकू येऊ लागतात.

या काठाचे आणि साखरेचे नाते आणखी जुने असू शकते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरप्रवासवर्णनात भडोचच्या आखाताजवळच्या ‘कम्मोनी’ गावाचा उल्लेख आहे आणि काही अभ्यासक ते गाव म्हणजे कामरेज असे मानतात. त्याच ग्रंथात भारताच्या या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत ‘सक्खरी’ नावाचा ‘वेताचा मध’ येतो. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दाच्या प्रवासातली ही एक नोंद.

‘साखर’ हा एक शब्द आहे, पण त्याच्या आड अनेक पदार्थ आहेत. त्यांची रचना माणसाला कशी उलगडली, त्यांना ओळखण्याच्या चाचण्या नेमके काय ओळखतात आणि कुठे फसतात, याचा हा आढावा आहे. शेतकऱ्याचा भाव, मधुमेह्याचे औषध आणि लेकराच्या पेल्यातले दूध या तिन्ही गोष्टी या चाचण्यांवर अवलंबून आहेत, म्हणून हा विषय बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत बंद करून ठेवण्याजोगा नाही.

कर्ब आणि उदक

‘कर्बोदक’ हा मराठी शब्द मोठा नेटका आहे: कर्ब अधिक उदक. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. म्हणजे हिशेबाने सहा कर्ब आणि सहा पाणी. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतले की ते पाणी ओढून घेते आणि काळा कोळसा फुगून वर येतो, तेव्हा हे नाव डोळ्यांपुढे खरे ठरते. तरीही नावावर फार विसंबू नये. डीएनएमधली डीऑक्सिरायबोज साखर असून या हिशेबात बसत नाही, आणि व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल हिशेबात बसूनही साखर नाही. अणू किती आहेत यापेक्षा ते कसे बसले आहेत, हे महत्त्वाचे.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्यात अणूंची संख्या अगदी सारखी आहे. फरक एवढाच, की ग्लुकोजच्या साखळीच्या टोकाला अल्डिहाइड गट आहे आणि फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर कीटोन गट. तेवढ्याने फ्रुक्टोज नेहमीच्या साखरेच्या सव्वा ते दीडपट गोड लागते, तर ग्लुकोज जेमतेम पाऊणपट. दुधातले लॅक्टोज त्याहून कितीतरी फिके.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. ग्लुकोजच्या साखळीत चार कार्बन असे आहेत, की प्रत्येकावरचा हायड्रॉक्सिल गट डावीकडे किंवा उजवीकडे असू शकतो. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा शक्यता. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये कार्बनचे चार हात अवकाशात चार दिशांना असतात असे मांडले होते. त्या विचाराच्या आधारे, हाताशी एकही क्ष-किरण यंत्र नसताना, जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये सोळांपैकी ग्लुकोज कोणते हे तर्काने सिद्ध केले.

त्यांचे मुख्य हत्यार होते फिनिलहायड्रॅझिन. ते साखरेच्या पहिल्या दोन कार्बनांना पकडते आणि पिवळे, सुबक स्फटिक देते; त्यांना ओसाझोन म्हणतात. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिघांचे ओसाझोन एकच निघाले. फरक पहिल्या दोन कार्बनांत होता आणि तो पुसला गेला, तेव्हा उरलेले चार कार्बन तिघांतही सारखेच असले पाहिजेत. एका पिवळ्या स्फटिकावरून काढलेला हा निष्कर्ष विचारशक्तीचा अप्रतिम नमुना आहे. फिशर यांना १९०२ चे नोबेल मिळाले; पण त्याच फिनिलहायड्रॅझिनच्या विषाने त्यांची प्रकृती कायमची बिघडली. डावे-उजवे ठरवताना त्यांनी एक बाजू गृहीत धरली होती. ती बरोबर होती, हे बायव्हूट यांच्या क्ष-किरण प्रयोगाने १९५१ मध्ये, फिशर गेल्यानंतर ३२ वर्षांनी, ठरले.

आणखी एक उलगडा बाकी होता. पाण्यात ग्लुकोजची साखळी सरळ राहत नाही. तिचे टोक वळून स्वतःलाच जोडले जाते आणि सहा अणूंचे कडे बनते. कडे मिटताना पहिल्या कार्बनवरचा गट खाली राहिला तर आल्फा, वर राहिला तर बीटा. ताज्या द्रावणात ही दोन रूपे एकमेकांत बदलत राहतात आणि शेवटी सुमारे ३६ टक्के आल्फा, ६४ टक्के बीटा असा तोल साधतो. उघडी साखळी हजारात एकाहूनही कमी. या कड्यांची मांडणी पक्की करणारे वॉल्टर हॉवर्थ १९३७ च्या नोबेलचे एक मानकरी होते.

आल्फा की बीटा, हा फरक पोटाला विचारावा. आल्फा जोडणीने ग्लुकोज गुंफले की भातातला स्टार्च होतो आणि तो आपल्याला पचतो. बीटा जोडणीने गुंफले की उसाच्या चिपाडातला सेल्युलोज होतो आणि तो आपण थुंकून टाकतो. घटक एकच, गाठ वेगळी.

चाचणी म्हणजे एक प्रश्न

आता परीक्षानळीकडे. विद्यार्थ्यांना या चाचण्या रंगांची यादी म्हणून पाठ करायला लावतात. खरे पाहता प्रत्येक चाचणी रेणूच्या एका विशिष्ट कोपऱ्याला एक प्रश्न विचारते.

मोलिश चाचणीचा प्रश्न सर्वांत ढोबळ: तू कर्बोदक आहेस का? तीव्र सल्फ्युरिक आम्ल साखरेतले पाणी काढते, फर्फ्युरल जातीचे संयुग बनते आणि आल्फा-नॅफ्थॉलशी जोडले जाऊन दोन थरांच्या सीमेवर जांभळे वलय उमटते. ग्लुकोज, साखर, स्टार्च, सगळेच ‘हो’ म्हणतात.

आयोडीनचा प्रश्न: तू लांब मळसूत्री साखळी आहेस का? स्टार्चमधल्या अमायलोजच्या प्रत्येक वळणात साधारण सहा ग्लुकोज असतात आणि त्या पोकळीत आयोडीन शिरते. निळा-काळा रंग येतो. तापवले की मळसूत्र सैलावते, रंग जातो. गार झाले की परततो. १८१४ पासून माहीत असलेली ही चाचणी आजही खवा आणि पनीर यांतली स्टार्चची भेसळ घरच्या घरी पकडते.

बेनेडिक्ट आणि फेहलिंग विचारतात: तुझे टोक मोकळे आहे का? मोकळे टोक असलेली साखर निळ्या तांब्याच्या क्षाराला इलेक्ट्रॉन देते आणि विटकरी लाल क्युप्रस ऑक्साइड खाली बसते. अशा साखरेला क्षपणकारी शर्करा म्हणतात. फेहलिंग यांनी १८४९ मध्ये आणि बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पद्धती बसवल्या. हजारात एकाहूनही कमी रेणू उघडे असताना चाचणी चालते कशी? उघडे रेणू खर्ची पडले की कडी उघडत जातात आणि त्यांची जागा भरली जाते, म्हणून. फ्रुक्टोजला अल्डिहाइड नाही, तरी अल्कलीत ते रूप पालटते आणि रंग देते. दोन साखरा टोकांनीच एकमेकींना बांधलेल्या सुक्रोजचे मात्र दोन्ही दरवाजे बंद. आपली रोजची, चहातली साखर बेनेडिक्टच्या निळ्याला हात लावत नाही.

बारफोड चाचणी हाच प्रश्न सौम्य आम्लात विचारते, म्हणून एकशर्करा दोन-तीन मिनिटांत उत्तर देते आणि लॅक्टोज-माल्टोजसारखी द्विशर्करा रेंगाळते. जास्त वेळ उकळले की आम्लाने द्विशर्करा तुटते आणि निकाल चुकतो. इथे घड्याळ हेही उपकरणच आहे. सेलिवानॉफ चाचणी रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने विचारते, तू कीटोज आहेस का? फ्रुक्टोज झटकन लालभडक होते. सुक्रोजही होते, कारण आम्लाने तुटून त्यातले फ्रुक्टोज सुटे होते. बियाल चाचणी पाच कार्बनांच्या साखरा निळ्या-हिरव्या रंगाने ओळखते.

आता शेंडा आणि बुडखा. उसाच्या वाढत्या शेंड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त, सुक्रोज कमी. पिकलेल्या बुडख्यात सुक्रोज भरलेले, सुट्या साखरा थोड्या. दोन्हींचे मोजकेच थेंब बेनेडिक्टमध्ये तापवले तर कमी गोड शेंडा नारिंगी-लालाकडे झुकतो आणि जास्त गोड बुडखा जेमतेम हिरवट होतो. जीभ आणि परीक्षानळी उलट बोलतात आणि दोघीही खरे बोलतात. एक गोडी मोजते, दुसरी मोकळी टोके.

कारखान्यातला प्रकाश

कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगापेक्षा प्रकाश कामाला येतो. ज्याँ-बातिस्त बियो यांनी १८१५ च्या सुमारास दाखवले, की साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवते. सुक्रोजचे विशिष्ट वलन उजवीकडे ६६.५ अंश, ग्लुकोजचे ५२.७ अंश, फ्रुक्टोजचे डावीकडे सुमारे ९२ अंश. सुक्रोज आम्लाने किंवा विकराने तुटले की फ्रुक्टोजचा डावा ओढा वरचढ ठरतो आणि मिश्रण डावीकडे सुमारे २० अंश वळते. दिशाच उलटते, म्हणून त्या मिश्रणाला ‘इन्व्हर्ट’ साखर म्हणतात.

ही उलटापालट आपल्या स्वयंपाकघरात रोज होते. पाकात लिंबू पिळले की थोडे सुक्रोज तुटते आणि सुटी ग्लुकोज-फ्रुक्टोज स्फटिकांच्या रांगेत अडथळा आणतात. पाक साखरत नाही. काकवी पातळ राहते ती त्याच कारणाने. शिळ्या उसाचा गूळ पावसाळ्यात पाघळतो, ढेप धड बसत नाही, कारण त्यात ओल ओढणाऱ्या सुट्या साखरा जास्त. गुळव्याला हे सूत्रांत सांगता येत नसेल, पण काहिलीपाशी उभे राहून त्याच्या हाताला ते कळते.

कारखान्याचे रसायनतज्ज्ञ दोन आकडे बोलतात: ब्रिक्स आणि पोल. ब्रिक्स म्हणजे रसातले विरघळलेले सगळे घन पदार्थ. त्यात साखरेबरोबर क्षारही आले. पोल म्हणजे ध्रुवणमापीने दिलेला सुक्रोजचा अंदाज. पोलला ब्रिक्सने भागले की शुद्धता निघते. शेतात हातातल्या छोट्या रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स घेतात. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस तोडणीला तयार.

पण पोललाही फसवता येते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की एकीकडे विकराने सुक्रोज तुटते आणि पोल घसरतो. दुसरीकडे ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. डेक्स्ट्रान प्रकाशाला सुक्रोजच्या जवळपास तिप्पट उजवीकडे वळवते. म्हणजे साखर नासत असते आणि यंत्र ती आहे म्हणून सांगत असते. म्हणून तुटलेला ऊस गव्हाणीत लवकर पडणे महत्त्वाचे, आणि म्हणूनच जाणत्या प्रयोगशाळा पोलसोबत क्षपणकारी साखर आणि डेक्स्ट्रानही मोजतात. साखर मोजण्याच्या पद्धती जगभर एकसारख्या असाव्यात यासाठी ‘इकुम्सा’ हा आंतरराष्ट्रीय आयोग १८९७ पासून काम करतो. महाराष्ट्रात मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने या तपासणीचे शिक्षण रुजवले आहे.

या आकड्यांशी पैसा बांधलेला आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. दशांश चिन्हापुढचा एक अंक गावाच्या उत्पन्नाचा प्रश्न होतो. मोजणी समजून घेण्याचा शेतकऱ्याचा हक्क म्हणूनच मला मूलभूत वाटतो.

रक्तातली साखर

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवले. इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉबसन यांनी १७७६ मध्ये असे मूत्र आटवून त्यातून साखरेसारखा पदार्थ मिळवून दाखवला. पुढे अनेक दशके दवाखान्यात बेनेडिक्टची निळी नळीच चालली: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पण तिला ‘मोकळे टोक आहे का’ एवढेच कळते. बाळंतिणीच्या मूत्रात लॅक्टोज उतरले, किंवा कुणी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेतल्या, तरी ती रंग बदलते. मधुमेह नसताना मधुमेहाचा संशय यायचा.

उत्तर सापडले ते विकरात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर फक्त बीटा-डी-ग्लुकोज ओळखते. मूत्रात बुडवायच्या पट्ट्या १९५६ मध्ये त्यावर तयार झाल्या. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये विकर विद्युताग्रावर बसवण्याची कल्पना मांडली आणि त्यातून आजच्या ग्लुकोमीटरची वाट निघाली. फिशर यांनी जे कागदावर वर्षानुवर्षे तर्क करून ओळखले, ते आज बोटावरच्या एका थेंबातून काही सेकंदांत ओळखले जाते.

इथेही पट्टीत कोणते विकर आहे, हे विचारावेच लागते. काही पट्ट्यांतले विकर माल्टोजलाही ग्लुकोज समजत असे. विशिष्ट द्रावणाने डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात माल्टोज असते. मीटरने खोटी वाढलेली साखर दाखवली, इन्शुलिन जास्त दिले गेले आणि मृत्यू झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. रेणूतल्या एका जोडणीची गफलत माणसाच्या जिवावर बेतते, ती अशी.

भेसळीचे डावपेच

दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटरचा आकडा पडतो. तो सावरायला साखर किंवा ग्लुकोज घालतात. दुधात मुळात लॅक्टोज असल्याने बेनेडिक्ट इथे निरुपयोगी, शुद्ध दूधही लाल होणार. तेव्हा प्रश्न बदलायचा. उसाची साखर शोधायला रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे सेलिवानॉफचीच युक्ती. लॅक्टोजमध्ये फ्रुक्टोज नाही, म्हणून लाल रंग आला की भेसळ. ग्लुकोज शोधायला बारफोडची. शाळेत वेगवेगळ्या भासणाऱ्या चाचण्या डेअरीच्या संकलन केंद्रावर अशा एकमेकींच्या मदतीला येतात.

मधाची लढाई अधिक अवघड. मध हेच मुळी ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण, आणि इन्व्हर्ट साखरही तेच. आम्लाने बनवलेल्या पाकात हायड्रॉक्सिमिथिलफर्फ्युरल जास्त असते, ते फीहे चाचणी पकडत असे. मग ऊस आणि मक्याचे पाक कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखले जाऊ लागले, कारण या वनस्पती हवेतला कार्बन बहुतेक फुलझाडांहून वेगळ्या मार्गाने बांधतात. त्यावर भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण तांदूळ फुलझाडांच्याच मार्गाचा. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये दाखवले, की भारतीय नियमांतल्या चाचण्या उतरलेले बरेच ब्रँड रेणूंची रचना चुंबकीय क्षेत्रात तपासणाऱ्या एनएमआर चाचणीत नापास होतात. चाचणी जाहीर झाली की तिला चुकवणारा पाक तयार होतो. म्हणून तपासणीचे शास्त्र थांबून चालत नाही.

एका चाचणीवर निकाल नको

दोनशे वर्षांच्या या वाटचालीतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. कुठलीही चाचणी ‘साखर’ ओळखत नाही. ती रेणूचा एक कोपरा ओळखते. तो कोपरा कोणता, हे ठाऊक असेल तरच निकालाला अर्थ आहे. रंग पाठ केलेला विद्यार्थी लाल रंग पाहून थांबतो. रचना समजलेला विद्यार्थी विचारतो, आणखी कोणामुळे लाल होऊ शकेल? दूध, मध, रक्त, रस, चारही ठिकाणी हाच दुसरा प्रश्न माणसाला वाचवतो.

हे शिकायला सर्वांत योग्य मुले कामरेजच्या शेतांच्या कडेलाच आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरीच्या दशकात बारडोली परिसरातल्या ऊसतोड मजुरांचे जिणे जगापुढे मांडले. तेव्हापासून कारखाने वाढले, यंत्रे आली. पण हंगाम अजूनही शाळेच्या वर्षाच्या मधोमध येतो. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचे आणि उन्हाळ्यात परतायचे; प्रात्यक्षिकांचे आणि परीक्षांचे दिवस फडात जातात. ज्या मुलीने आईमागे वाढे गोळा केले आहेत, तिला शेंड्याची आणि बुडख्याची चव पुस्तक न उघडता माहीत आहे.

तिच्यासाठी लागते ते फार थोडे. दोन परीक्षानळ्या, बेनेडिक्टचे द्रावण, स्पिरिटचा दिवा, एक लिंबू आणि एक ऊस. आधी शेंड्याचा आणि बुडख्याचा रस वेगवेगळा तपासायचा. मग बुडख्याच्या रसात लिंबू पिळून तो चांगला उकळायचा, चिमूटभर खायच्या सोड्याने आंबटपणा मारायचा आणि पुन्हा तपासायचा. मघाशी हिरवट राहिलेली नळी या वेळी विटकरी लाल होईल. बंद दरवाजे उघडले, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. हंगामी वस्तीवरच्या शाळेत, तिच्या भाषेत, हे एकदा तरी घडावे. ऊस तोडणाऱ्या हातांना त्यातली साखर किती आणि कोणती, हे मोजताही आले पाहिजे.